परक्या घरातला पहिला महिना

पुण्याच्या मॅक्सम्यूलर भवनात जर्मनच्या परीक्षा देऊन इंटर्नशिपसाठी जर्मनीला जाणारी मराठी मुलं-मुली आता नवलाईची राहिलेली नाहीत. त्यातली बरीचशी श्टुटगार्ट आणि आसपासच्या गावांत जातात. मर्सिडीज आणि बॉश यांचं हे माहेरघर, शिवाय १९६८ पासून मुंबईचं भगिनी शहर. इंटर्नशिपचं पत्र हाती पडलं की घरात चर्चा सुरू होते ती व्हिसा, विमा आणि सामानाच्या वजनाची. राहायचं कुठे हा प्रश्न मात्र भाड्यावर सुटतो: जिथे स्वस्त तिथे, आणि शक्यतो आपल्याच मुलांबरोबर. माझं मत वेगळं आहे. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्याने निदान पहिला महिना-दोन महिने तिथल्या कुटुंबात काढावेत, आणि तेही पाहुण्यासारखं नव्हे, तर घरच्या कामात वाटा उचलून.

याचं पहिलं कारण अगदी रोखठोक, कागदपत्रांचं आहे. सहा महिने राहायला येणाऱ्याला नव्या घरात गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत पालिकेच्या कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. या नोंदणीला तिकडे ‘आन्मेल्डुंग’ म्हणतात. २०१५ च्या नोव्हेंबरपासून तिच्यासाठी घर देणाऱ्याचं लेखी पत्रही लागतं. नोंद झाली की कर-क्रमांक पोस्टाने घरी येतो आणि तो कंपनीच्या पगार विभागाला द्यावा लागतो. इथे एक बारीकशी गोष्ट आडवी येते. जर्मन पत्त्यात रस्त्याचं नाव आणि इमारतीचा क्रमांक असतो, फ्लॅटचा क्रमांक सहसा नसतोच. पोस्टमन पत्रपेटीवरची नावं वाचतो आणि पेटीवर नाव दिसलं नाही तर पत्र परत जातं. तात्पुरती खोली देणारे अनेक जण ते लेखी पत्रही देत नाहीत आणि पेटीवर नावही लावू देत नाहीत. मग मुलगा कामावर रुजू झालेला असतो, पण कागदोपत्री त्याचा पत्ताच नसतो. यजमान कुटुंबात सहसा पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पत्रावर सही होते आणि पेटीवर आडनावाखाली नव्या नावाची पट्टी चिकटवली जाते.

दुसरं कारण याहून मोठं आहे. जर्मन घरातले बरेच नियम नवख्याला कोणी बोलून दाखवत नाही, पण मोडले की लगेच जाणवतात. रात्री १० ते सकाळी ६ शांतता पाळायची. रविवारी दुकानं बंद, आणि या सुट्टीला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. एकदाच वापरायच्या अनामतीच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या दुकानात परत देऊन प्रत्येकी २५ सेंट घ्यायचे. बिनअनामतीच्या काचेच्या बाटल्या पांढरी, तपकिरी, हिरवी अशा रंगवारीने रस्त्यावरच्या टाक्यांत टाकायच्या, पण रविवारी नाही, कारण आवाज होतो. श्टुटगार्टच्या स्वाबियन मुलुखात आणखी एक रीत आहे, ‘केअरवोखं’. ज्याच्या दारावर छोटी पाटी लटकते, त्याच्याकडे त्या आठवड्यात जिना झाडायचं काम. आठवडा संपला की पाटी शेजाऱ्याच्या दारावर जाते. नवख्याला ही पाटी शोभेची वाटते, शेजाऱ्यांना मात्र त्यावरून माणसाची पारख करता येते. खिडकीचंही तसंच. कडाक्याच्या थंडीतही दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटांत बंद करायच्या असतात. तिथल्या खिडक्या इतक्या घट्ट मिटतात की भाताची वाफ, अंघोळीची वाफ आणि खोलीत वाळत घातलेल्या कपड्यांचा ओलावा आतच कोंडतो आणि भिंतीला बुरशी धरते. आपल्या मुलांच्या सामायिक घरात हे बहुधा कोणालाच ठाऊक नसतं. कळतं ते अनामत रक्कम कापली गेल्यावर. कुटुंबात राहिलं तर घरातली बाई दुसऱ्याच दिवशी येऊन खिडकी कशी आणि कितीदा उघडायची ते दाखवते.

यावर पहिला आक्षेप पैशांचा, आणि तो खरा आहे. अभ्यासक्रमात सक्तीच्या असलेल्या इंटर्नशिपला जर्मनीचा किमान वेतनाचा कायदा लागू नाही, त्यामुळे विद्यावेतन बेताचंच असू शकतं. म्हणूनच सहा महिन्यांचा आग्रह मी धरत नाही. एक-दोन महिने थोडे जास्त पैसे मोजा, मग स्वस्त जागा शोधा. तेव्हा करार वाचायला मदत करणारं माणूसही ओळखीचं झालेलं असेल. दुसरा आक्षेप असा की ऑफिसात इंग्रजी चालतं, मग हा खटाटोप कशाला? ऑफिसात इंग्रजी चालतं म्हणूनच कानावर जर्मन पडण्यासाठी घर लागतं. वर्गात शिकलेली भाषा स्वाबियन बोलीसमोर लंगडी पडते. रोज संध्याकाळी पाव, चीज आणि काकडीच्या थंड जेवणावर अर्धा तास बसलं की कान तयार होतो. त्या जेवणाने आपलं पोट भरत नाही, ही तक्रार रास्त आहे. मग आठवड्यातून दोनदा वरणभात आपण रांधावा आणि त्यांनाही वाढावा.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात गंभीर वाटतो: कुटुंब राबवून घेईल. तसं होऊ शकतं. घरी राहून मुलं सांभाळणाऱ्या ओ-पेअर तरुणांसाठी जर्मनीत वेगळा व्हिसा आहे आणि त्यांच्या कामाला आठवड्याला ३० तासांची मर्यादा आहे. इंटर्नशिपच्या व्हिसावर गेलेल्याने भाड्याच्या बदल्यात कोणाची मुलं सांभाळू नयेत. पाळीने भांडी घासणं किंवा जिना झाडणं वेगळं, ते घरातले सगळेच करतात. कुटुंबात राहायचं म्हणजे आपल्या माणसांपासून तुटायचं असंही नाही. मराठी मंडळाच्या गणपतीला जरूर जावं, तिथे जीव रमतो. पण बुरशीबद्दल किंवा पत्रपेटीबद्दल वेळीच सावध करणारं माणूस रोज राहत्या घरातच लागतं.

तेव्हा खोली पक्की करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: पत्ता नोंदवायचं पत्र मिळेल का, स्वयंपाकघर कधी आणि कितपत वापरता येईल, आणि घरकामात काय अपेक्षा आहे. पहिल्या प्रश्नाला ‘नाही’ असं उत्तर आलं, तर खोली कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.