बंद झालेले ऑनलाइन खेळ: आठवणी उरल्या, मैदान हरवले

भारतातील पबजी मोबाईल या खेळाची सेवा ३० ऑक्टोबर २०२० रोजी पूर्णपणे थांबविण्यात आली. त्यापूर्वी, २ सप्टेंबर रोजी, केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने नवी दिल्लीत ११८ मोबाईल ॲपवर बंदी जाहीर केली होती. त्या यादीत या खेळाचे नाव होते. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता, त्यांना मधले आठ आठवडे तो खेळता आला. त्यानंतर सर्व्हरशी संपर्क तुटला.

दिल्ली आणि परिसरातील त्या वेळचे शाळकरी खेळाडू आज महाविद्यालयात आहेत किंवा नुकतेच नोकरीला लागले आहेत. त्यांच्या बोलण्यात तो खेळ अजूनही निघतो. एवढ्याशा खेळासाठी हळहळ कशाला, असा प्रश्न वडीलधाऱ्यांना पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर खेळातील गोळीबारात नाही. ते त्या वर्षीच्या दिल्लीत शोधावे लागते.

सीमा बंद, बेट खुले

२२ मार्च २०२० पासून दिल्ली मेट्रो बंद होती. देशव्यापी टाळेबंदी २५ मार्चला सुरू झाली. एप्रिलमध्ये नोएडा आणि हरियाणाच्या बाजूने दिल्लीच्या सीमा रोखण्यात आल्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात दिल्ली सरकारनेही आपल्या सीमा बंद केल्या. राजधानी क्षेत्रात घर एका राज्यात, शाळा दुसऱ्या राज्यात आणि मित्र तिसऱ्या राज्यात, ही नेहमीची बाब आहे. द्वारका, गुरुग्राम, नोएडा आणि फरीदाबाद येथील चार मित्रांना महिनोन्महिने एकमेकांचे तोंड पाहता येत नव्हते.

मात्र एरांगेल या बेटावर त्यांना उतरता येत होते. एरांगेल हा पबजीचा पहिला आणि सर्वांत लाडका नकाशा होय. आठ किलोमीटर लांब आणि तितक्याच रुंद अशा या काल्पनिक बेटावर शंभर खेळाडू विमानातून छत्रीने उड्या मारीत. सुरक्षित वर्तुळ आकुंचन पावत जाई आणि सुमारे अर्ध्या तासात एकच तुकडी शिल्लक राही. या अर्ध्या तासातील बराचसा वेळ लढाईत जात नसे. पोचिंकी गावातील घरे धुंडाळणे, गाडी शोधणे, झुडपाआड दबा धरून बसणे आणि माइकवर अखंड गप्पा, असाच तो जाई. परीक्षेची धास्ती, घरातील आजारपण, कोणाच्या वडिलांची गेलेली नोकरी हे सारे बोलणे त्या बेटावर होत असे. खेळ हे निमित्त होते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती ठरू नये.

मेट्रो ७ सप्टेंबरला पुन्हा धावू लागली. त्याच्या पाचच दिवस आधी बंदी आली होती.

हा खेळ दिल्लीत सर्वांनाच प्रिय होता असे अर्थातच नाही. २९ जानेवारी २०१९ रोजी तालकटोरा स्टेडियममधील 'परीक्षा पे चर्चा' कार्यक्रमात एका मातेने मुलाच्या ऑनलाइन खेळांची चिंता मांडली, तेव्हा तो पबजीवाला आहे का, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी विचारले आणि सभागृहात हशा पिकला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राजकोट पोलिसांनी हा खेळ खेळल्याबद्दल काही तरुणांना अटक केली. अभ्यास, झोप आणि डोळे यांवर होणाऱ्या परिणामांची पालकांची तक्रार खोटी नव्हती. मात्र २०२० ची बंदी या कारणासाठी घालण्यात आली नव्हती. जूनमधील गलवान खोऱ्यातील संघर्षानंतर चिनी कंपन्यांशी संबंधित ॲपवर जी कारवाई सुरू झाली, तिचा ती भाग होती. पबजीचे मूळ निर्माते दक्षिण कोरियाचे होते, पण मोबाईल आवृत्ती चालविण्याचे काम चीनच्या टेन्सेंट कंपनीकडे होते. संगणकावरील पबजी बंदीतून वगळला गेला तो यामुळेच. परंतु त्यासाठी लागणारा महागडा संगणक बहुतेकांकडे नव्हता. सन २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला आणि साधा फोन हेच या मुलांचे क्रीडांगण बनले.

सीडी राहते, सर्व्हर राहत नाही

जुन्या खेळांची आठवण मागच्या पिढीलाही आहे. नेहरू प्लेस किंवा पालिका बाजारातून आणलेली सीडी आणि सायबर कॅफेतील तासाच्या दराने रंगलेले काउंटर स्ट्राइकचे सामने, ही २००० च्या दशकातील दिल्ली होती. परंतु त्या आठवणीत आणि आजच्या आठवणीत एक मूलभूत फरक आहे.

काउंटर स्ट्राइकच्या १.६ या आवृत्तीत सर्व्हर चालविण्याचा कार्यक्रम खेळाडूंनाही मिळत असे. कॅफेतील एक संगणक सर्व्हर होई आणि बाकीचे त्याला जोडले जात. कंपनीने उद्या आपले दार लावले तरी चार संगणक आणि एक केबल यांच्या जोरावर तो खेळ चालू राहू शकतो. आजही तो जगभर खेळला जातो.

पबजी मोबाईलसारख्या खेळात फोनवर असतात ती केवळ चित्रे, आवाज आणि नियंत्रणे. कोण कोठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, वर्तुळ कोठे सरकणार, कोणाच्या खात्यात कोणता पोशाख आहे, हे सारे कंपनीच्या सर्व्हरवर ठरते. सर्व्हर बंद झाला की फोनमधील ॲप म्हणजे नुसती दर्शनी भिंत. पैसे मोजून घेतलेला पोशाखही खेळाडूच्या मालकीचा नसतो. अशा खेळांच्या अटींनुसार त्याला वापराचा परवाना मिळतो आणि तो मागे घेता येतो. ती अटींची पाने कोणी वाचत नाही, हे कंपन्यांनाही ठाऊक असते.

परत आलेला, पण तोच नव्हे

क्राफ्टन या दक्षिण कोरियन कंपनीने २ जुलै २०२१ रोजी 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' नावाने हा खेळ भारतात पुन्हा आणला. जुन्या खात्यातील साहित्य नव्या खात्यात नेण्याची मुभा काही महिने देण्यात आली. एरांगेल तेच होते. रक्ताचा रंग मात्र हिरवा झाला होता, हे आभासी जग असल्याची सूचना वारंवार ऐकू येत होती आणि अठरा वर्षांखालील खेळाडूंना दिवसाला तीन तासांची मर्यादा आली होती. यातील काही बदल स्वागतार्ह होते, हे मान्य करावे लागेल. जुन्या खेळाडूंना खटकले ते वेगळेच. मधल्या काळात तुकड्या विखुरल्या होत्या. कोणी दुसऱ्या खेळाकडे वळला होता, कोणी बारावीच्या अभ्यासात बुडाला होता, तर कोणाचे खाते परत मिळाले नव्हते.

पुढच्या वर्षी इतिहासाची पुनरावृत्ती झाली. २०२२ च्या जून-जुलैमध्ये गुरुग्रामच्या नॉडविन गेमिंग कंपनीने आयोजित केलेली या खेळाची स्पर्धा स्टार स्पोर्ट्स वाहिनीवर दाखविण्यात आली. टीव्हीवर क्रिकेटच्या शेजारी मोबाईल खेळाला जागा मिळाली, याचे अप्रूप ओसरण्यापूर्वीच २८ जुलैला हा खेळ ॲप स्टोअरमधून अदृश्य झाला. मे २०२३ मध्ये सरकारने तीन महिन्यांच्या प्रायोगिक मंजुरीवर त्याला परत येऊ दिले.

या कारवाया माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली होतात. देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण, सार्वजनिक सुव्यवस्था यांसारख्या कारणांसाठी केंद्राला ऑनलाइन सामग्री रोखण्याचा अधिकार हे कलम देते. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या श्रेया सिंघल खटल्यात ते वैध ठरविले. मात्र २००९ च्या नियमांनुसार या कार्यवाहीबाबत गोपनीयता पाळली जाते. आपले मैदान नेमके कोणत्या कारणाने बंद झाले, याचा मूळ आदेश सामान्य खेळाडूच्या हाती पडत नाही. सुरक्षेची बाजू गृहीत धरूनही ही उणीव राहतेच.

जगभर हेच दुखणे

सरकारी आदेशाविनाही खेळ संपतात. फेसबुकवर २००९ मध्ये सुरू झालेले फार्मव्हिल ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाले, कारण ज्या फ्लॅश तंत्रावर ते उभे होते त्याचाच त्या दिवशी आधार काढून घेण्यात आला. कार्यालयात बसून आभासी शेताला पाणी घालणारे, स्ट्रॉबेरी कोमेजू नये म्हणून गजर लावणारे अनेकजण मराठी घरांतही होते. फ्लॅशबरोबर असंख्य छोटे खेळ ब्राउझरमधून गेले.

काही ठिकाणी खेळाडूंनी हार मानली नाही. 'सिटी ऑफ हीरोज' हा अमेरिकेत तयार झालेला खेळ २०१२ मध्ये बंद झाला. चाहत्यांनी तो खासगी सर्व्हरवर जिवंत ठेवला आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीने त्यांच्यापैकी एका गटाला रीतसर परवानगी दिली. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' बंद झाला नव्हता, पण बदलत गेला होता. त्याची जुनी आवृत्ती चालविणारा चाहत्यांचा सर्व्हर कंपनीच्या दबावामुळे २०१६ मध्ये बंद झाल्यावर दोन लाखांहून अधिक लोकांनी निवेदनावर सह्या केल्या. अखेर २०१९ मध्ये कंपनीनेच जुने रूप विक्रीस आणले. संगणकावरील पबजीनेही मे २०२४ मध्ये काही काळापुरते जुने एरांगेल परत आणले होते. हळहळीलाही बाजारभाव असतो, हे कंपन्यांनी ओळखले आहे.

कायद्याच्या पातळीवर हालचाल धीमी आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने 'द क्रू' हा मोटारशर्यतीचा खेळ मार्च २०२४ च्या अखेरीस बंद केला, तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यांचाही खेळ संपला. त्यातून उभ्या राहिलेल्या मोहिमेने युरोपीय संघाकडील नागरी निवेदनासाठी जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. विकलेला खेळ बंद करताना तो खेळण्याजोग्या स्थितीत सोडावा, ही त्यांची मागणी आहे. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्याला ग्राहक वस्तू नव्हे तर परवाना घेत असल्याचे स्पष्ट सांगावे लागते. भारतात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी कायदा केला. पैशांच्या खेळांवर बंदी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता हा त्याचा गाभा आहे.

जतनाचा प्रश्न वेगळाच. देशात छापलेल्या पुस्तकाची प्रत १९५४ च्या कायद्यानुसार कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाते. चित्रपटांसाठी १९६४ पासून पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तरीही १९३१ चा 'आलम आरा' हा पहिला बोलपट आपण गमावलाच. परंतु चित्रपटाचे रीळ सापडले तर तो पडद्यावर दाखविता येतो. शंभर जणांनी खेळायचा खेळ कपाटात जपला तरी ते शंभर जण कोठून आणणार? पबजीच्या पहिल्या दोन वर्षांचे जे काही उरले आहे, ते मुख्यतः यूट्यूबवरील चित्रफितींत आहे. त्यांत एरांगेल दिसते, तुकडीतील मित्रांचे आवाजही ऐकू येतात, पण पाहणाऱ्याला त्या बेटावर उतरता येत नाही.