उंच झाडावरची वाट

कोकणात नारळ उतरवणारा पाडेली तुम्ही पाहिला असेल. दोन्ही पायांत दोराचा फास अडकवून तो भराभर वर जातो. पाय खोडाला घट्ट धरतात, तेव्हा हात वर सरकतात. मग हात धरून राहतात आणि पाय वर येतात. एक आधार पक्का झाल्याशिवाय तो दुसरा आधार सोडत नाही. झाडावर चढण्याचे सारे शास्त्र या एका नियमात सामावलेले आहे.

नारळाचे खोड कवेत मावते. पण जे खोड चार माणसांच्या कवेतही मावत नाही, त्यावर कसे चढायचे? ऑस्ट्रेलियात निलगिरीच्या जातीचे असे प्रचंड वृक्ष आहेत. तेथील मूळ रहिवाशांनी या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वीच शोधले होते. क्वीन्सलँडच्या दाट अरण्यात ते लांब वेत खोडाभोवती टाकत, मागे रेलत आणि वेत वर झटकत एकेक पाऊल चढत. काही ठिकाणी ते दगडी कुऱ्हाडीने खोडात पायापुरत्या खाचा पाडत.

पुढे वेताच्या जागी पट्टा आला आणि खाचांच्या जागी पायाला बांधायचे पोलादी आकडे आले. अशा साधनांनी केलेली एक चढाई प्रसिद्ध आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य भागात कारी वृक्षांची जंगले आहेत. उन्हाळ्यात तेथे वणवे लागतात. वणवा लहान असतानाच दिसला, तर तो आटोक्यात आणता येतो. दूरवरचा धूर दिसावा म्हणून १९३७ ते १९५२ या काळात तेथील आठ कारी वृक्षांवर टेहळणीची मचाणे उभारण्यात आली.

त्यांपैकी एक झाड पेम्बर्टन गावाजवळ आहे. ते मचाणासाठी योग्य आहे की नाही, हे पाहण्यासाठी जॅक वॉटसन हे वनकर्मचारी चढण्याचे बूट आणि पट्टा घेऊन त्यावर चढले. खोडाचा घेर ७.३ मीटर! सुमारे ४० मीटरांच्या वर फांद्यांची गर्दी होती. त्यांतून वाट काढावी लागली. ५८ मीटर उंची गाठून खाली येण्यास त्यांना सहा तास लागले. नंतर जॉर्ज रेनॉल्ड्स यांनी खोडात खुंट्या ठोकून शिडी तयार केली आणि १९४७ साली मचाण उभे राहिले. त्या वेळच्या गव्हर्नर जनरलांच्या नावावरून या झाडाला 'ग्लूस्टर वृक्ष' म्हणतात.

आकड्यांनी चढताना नवशिक्या माणूस भीतीने खोडाला बिलगतो. नेमके तेच धोक्याचे असते. शरीर खोडाजवळ गेले, की आकड्याचे टोक सालीतून निसटते. पट्ट्यावर भार टाकून मागे रेलले, तर आकडा आत रुततो. वाटेत फांदी आली, तर तिच्या वरून दुसरा दोर बांधावा लागतो आणि मगच पहिला सोडता येतो.

मात्र आकड्यांमुळे झाडाला जखमा होतात. सालीखालचा जिवंत थर फाटतो आणि तेथून कीड व बुरशी आत शिरू शकते. म्हणून जे झाड राखायचे आहे, त्यावर जाणकार लोक आकडे वापरत नाहीत. ते वजनाची लहान पिशवी बांधलेली बारीक दोरी उंच फांदीवरून फेकतात आणि तिच्या साहाय्याने जाड दोर वर ओढून घेतात. आधी जमिनीवरूनच दोराला लटकून फांदीची परीक्षा घेतात. कमरेचा पट्टा दोराला एका खास गाठीने जोडलेला असतो. भार नसताना ही गाठ हाताने सरकते. भार पडताच ती दोराला आवळून धरते.

वर गेल्यावर आडवे जाणे अधिक कठीण असते. दोर बांधलेल्या जागेपासून माणूस जितका दूर जाईल, तितका पाय घसरल्यावर मोठा झोका बसतो आणि तो खोडावर आदळू शकतो. म्हणून तो जवळच्या फांदीला दुसरा आखूड दोर बांधतो. शेजारच्या झाडावर जायचे असेल, तर दोराला आकडा बांधून तो पलीकडच्या बेचक्यात फेकतात आणि स्वतःला हळूहळू तिकडे ओढून घेतात. आकडा केवळ ओढण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर कोणी जीव टांगत नाही. पलीकडे पक्का दोर बांधल्यावरच मागचा दोर सुटतो.

वेत गेला, पट्टा आला, नवे दोर आले. पण पाडेलीचा नियम बदलला नाही. त्यात आता आणखी एका नियमाची भर पडली आहे : ज्या झाडाने आपला भार पेलला, त्याला इजा न करता खाली उतरावे.