फसलेला भात आणि ट्रान्झिस्टर

फणसवाडीतल्या कोणत्याही स्वयंपाकघरात विचारा. पाण्याचा अंदाज चुकला की भात बिघडतो. १९४५ साली टोकियोत मासारू इबुका यांनाही हाच अनुभव आला. लाकडी भांड्याच्या तळाशी ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बसवून त्यांनी विजेवर भात शिजवून पाहिला. ओल्या तांदळातून वीज वाहे व उष्णता निर्माण होई. पण भात कधी कच्चा राही, तर कधी गिचका होई.

१९४६ साली अकिओ मोरिता यांच्या साथीने त्यांनी कंपनी काढली. १९५५ साली तिने जपानचा पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आणला. व्हॉल्व्ह तापवण्यासाठी वीज खर्ची पडे. ट्रान्झिस्टरला तापावे लागत नाही. म्हणून रेडिओ लहान झाला, बॅटरीवर चालू लागला. १९५८ साली कंपनीचे नाव ‘सोनी’ झाले.

मुलांनो, प्रयोग फसला तर तो भात आठवा!