पानफुटीचा एक दिवस

पहाटे 6. अंगणातल्या पानफुटीचं पान तोडून ठेचलं, रसाचा थेंब पीएच पट्टीवर टेकवला. पट्टी नारिंगी झाली. रस चांगलाच आंबट. रात्री रंध्रं उघडून पानाने कार्बन डायऑक्साइड घेतला आणि त्याचं मॅलिक आम्ल करून साठवलं. वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतात हेच पान चाखलं होतं : सकाळी आंबट, दुपारी बेचव. ती नोंद 1815 मध्ये लंडनला छापली गेली.

सकाळी 8. कॉलेजला जाताना ओळखीच्या रानातून शाळूचं आणि द्राक्षाचं पान घेतलं. मालक म्हणाले, "सर, दुपारच्याला या. कोरडवाहू तुकड्यातला शाळू सुरळी धरतोय."

सकाळी 11. प्रात्यक्षिक. बटाट्याच्या फोडीत पान धरून ब्लेडने काप घ्यायचा. दहातला एखादाच पातळ येतो. आज एका मुलीचा जमला. शाळूच्या प्रत्येक शिरेभोवती ठसठशीत हिरव्या पेशींचं कडं, त्याभोवती दुसरं. बाहेरच्या पेशी कार्बन पकडतात आणि आतल्या कड्यात कोंडून देतात. त्यामुळे रंध्रं कमी उघडूनही काम भागतं. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी 1966 मध्ये ऑस्ट्रेलियात उसाच्या पानावर हा मार्ग उलगडला. द्राक्षाच्या पानात असं कडं नाही. उन्हात रंध्रं मिटली की आतला कार्बन डायऑक्साइड कमी पडतो, त्याच्या जागी ऑक्सिजन पकडला जातो आणि कमावलेलं वाया जातं.

दुपारी 2. रानात गेलो. शाळूची पानं खरंच आत वळली होती. पानाच्या वरच्या अंगाच्या मोठ्या, फुगीर पेशींतलं पाणी ओसरलं की पान मिटतं आणि ऊन-वारा लागणारी जागा घटते. पुस्तकात हे एका परिच्छेदात येतं. मालक मात्र पान पाहूनच पाण्याची पाळी ठरवतात. पलीकडे टेंभू उपसा योजनेच्या पाण्यावरची द्राक्षबाग ठिबकवर उभी होती. कृष्णेचं पाणी उचलून इथवर आणावं लागतं. म्हणून कुठलं पान त्या पाण्याचं काय करतं, हे आमच्या मुलांना कळायलाच हवं.

संध्याकाळी 6. पुन्हा पानफुटी, नवी पट्टी. या खेपेला रंग पिवळसर. साठवलेलं आम्ल दिवसभर मोडून, बंद रंध्रांआड पानाने त्याची साखर केली.

रात्री 9. उद्याच्या तासासाठी दोन्ही पट्ट्या वहीत चिकटवल्या, खाली वेळ लिहिली. बाहेर हवा गार झाली आहे. शाळू आणि द्राक्षाचं आजचं काम संपलं. पानफुटीची रंध्रं आता उघडत असतील.