बारा मैलांपर्यंतची विधानसभा

राज्याचा कायदा, राज्याची हद्द : लेखांक सहावा

मागच्या लेखांकात खोतीचा विषय झाला. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ चा संप, १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात मांडलेले खोती नष्ट करण्याचे विधेयक, आणि स्वातंत्र्यानंतर झालेला खोती निर्मूलनाचा कायदा पहिल्या घटनादुरुस्तीने नवव्या परिशिष्टात कसा सुरक्षित झाला, हे आपण पाहिले. जमीन हा राज्याचाच विषय असल्याने तिथे वाद होता तो मूलभूत हक्कांशी. आज त्याच अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्यावरून पाण्यात उतरायचे आहे. इथला प्रश्न त्याहून आधीचा आहे: विधानसभेचा कायदा समुद्रात कुठवर चालतो?

अनुच्छेद २४५ सांगतो की राज्याचे विधिमंडळ संपूर्ण राज्यासाठी किंवा त्याच्या एखाद्या भागासाठी कायदे करील. मग समुद्र महाराष्ट्राचा भाग आहे का? राज्यांची क्षेत्रे पहिल्या परिशिष्टात दिली आहेत. महाराष्ट्राच्या नोंदीत समुद्राचे नावही नाही. उत्तर मिळते ते सातव्या परिशिष्टात, आणि तेही आडवळणाने. राज्यसूचीतली २१ वी नोंद मत्स्यव्यवसायाची आहे, जेमतेम एका शब्दाची. संघसूचीतली ५७ वी नोंद राज्यक्षेत्रीय जलधीच्या पलीकडील मासेमारीची. पलीकडचे केंद्राचे, म्हणून अलीकडचे राज्याचे, असा अर्थ दोन्ही नोंदी शेजारी ठेवून काढावा लागतो. करंजापासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांवर चालणारा राज्याचा सगळा मासेमारी कायदा या जोडवाचनावर उभा आहे.

ही जलधी पूर्वी सहा मैलांची होती. १९६७ मध्ये ती बारा सागरी मैल झाली, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर. १९७६ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि किनाऱ्यापासून २०० मैलांपर्यंतचे अनन्य आर्थिक क्षेत्रही आखले. राज्याच्या विधिमंडळाची मासेमारीवरची हुकमत केवढी, हे ठरवणारा आकडा दिल्लीत ठरला. मुंबईला त्यात मत नव्हते. शिवाय अनुच्छेद २९७ प्रमाणे याच बारा मैलांतल्या पाण्याखालची खनिजे केंद्राकडे निहित आहेत. एकाच लाटेखाली तळ दिल्लीचा आणि बोंबलावरचा कायदा मुंबईचा.

कान्होजी आंग्र्यांच्या काळी हिशेब सोपा होता. ज्या गलबताकडे त्यांचे दस्तक नसेल ते पकडले जाई, आणि त्यांचे आरमार पोचेल तिथवर त्यांचा कायदा पोचे. राज्यघटनेने ताकदीच्या जागी सूची आणल्या. मात्र सूचीतल्या अधिकारालाही गस्ती नौका लागते, हे आपल्याकडे फार उशिरा ध्यानात येते.

महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. त्याचा मूळ साचाही केंद्राने १९७९ मध्ये राज्यांना पाठवलेल्या नमुना विधेयकाचा. परवाने, जाळ्यांचे प्रकार, पावसाळी बंदी, किती वाव पाण्यात यांत्रिक नौकेने जाळे ओढायचे नाही, हे सारे या कायद्याच्या बळावर ठरते. नोव्हेंबर २०२१ मध्ये राज्याने अध्यादेश काढून तो कडक केला. दंड लाखांच्या घरात गेले आणि निवाड्याचे काम तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याच्या अधिकाऱ्याकडे आले. हा बदल मला दंडाच्या आकड्यांपेक्षा मोलाचा वाटतो. तहसीलदाराच्या टेबलावर सातबाऱ्याचे ढीग असतात. पर्ससीनचे, म्हणजे माशांचा थवाच वेढून घेणाऱ्या जाळ्याचे प्रकरण तिथे किती दिवस पडून राहत असेल, याचा अंदाज कुणालाही करता येईल.

अशा जाळ्यावर राज्याला बंदी घालता येते का, याबद्दल फारशी शंका उरलेली नाही. केरळने आपल्या जलधीत घातलेली पर्ससीनबंदी सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या दशकात वैध ठरवली. व्यवसायाचे स्वातंत्र्य आहे, पण पारंपरिक मच्छीमाराचे पोट आणि माशांचा साठा राखण्यासाठी त्यावर वाजवी बंधन घालता येते, असा त्याचा मथितार्थ.

भांडण आहे ते बारा मैलांच्या रेघेवर. तामिळनाडूने २०२२ मध्ये पर्ससीनवर बंदी घातली. नौकामालक म्हणाले, आम्ही बारा मैलांच्या पलीकडे मासेमारी करतो, तिथे तुमचा काय संबंध? २४ जानेवारी २०२३ च्या अंतरिम आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पलीकडे जायची मुभा दिली. पण फक्त सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६, आणि मागोवा यंत्र लावूनच. हे वेळापत्रक आपल्या तांडेलांना दाखवले तर ते हसतील. तरी त्यातली खोच खरी आहे: पलीकडे जाणारी नौका अलीकडूनच जाते आणि अलीकडेच परत येते.

आता पलीकडचे पाहा. परकी नौकांसाठी संसदेने १९८१ मध्येच कायदा केला. देशी नौकांच्या मासेमारीसाठी तसा सर्वंकष कायदा तिने केलेला नाही. २०२१ मध्ये विधेयकाचा मसुदा चर्चेत आला, तो पुढे सरकला नाही. एलईडी दिव्यांच्या झगमगाटात होणाऱ्या मासेमारीवर केंद्राने १० नोव्हेंबर २०१७ रोजी बंदी घातली ती आदेशाने. त्यामुळे बाराव्या मैलाच्या बाहेर दिवे लावून उभी असलेली नौका पाहिली की राज्याचे अधिकारी म्हणतात, आमची हद्द नाही.

हे उत्तर कायद्याला धरून आहे. पण अर्धेच. नौकेला डिझेल लागते. डिझेल अजून वस्तू आणि सेवा कराबाहेर असल्याने त्यावरचा विक्रीकर राज्यसूचीतल्या ५४ व्या नोंदीखाली राज्याचा आहे. त्याच कराचा परतावा मच्छीमार संस्थांच्या सभासदांना मिळतो. तो कुणाला द्यायचा, कोणत्या अटींवर द्यायचा, हे राज्य ठरवते. परवाना राज्याचा. मासळी उतरते ते लहान बंदर समवर्ती सूचीतले, म्हणजे संसदेच्या कायद्याशी विसंगत नसेल तोवर तिथे राज्याला कायदा करता येतो. करंजाच्या शेजारी, उरणमध्येच, न्हावाशेवा आहे. ते प्रमुख बंदर म्हणून संघसूचीत जाते आणि तिथे राज्याचे फारसे चालत नाही. करंजाच्या धक्क्यावर मात्र चालते. समुद्रात जी नौका रोखता येत नाही तिचा डिझेलचा कोटा, परवान्याचे नूतनीकरण आणि उतरलेली टोपली, हे सगळे राज्याच्या हाताशी आहे. तिथे सूची आड येत नाहीत. आड येतात ते नौकांचे मालक, आणि त्यांची मते.

पुढील लेखांकात भरतीच्या रेषेच्या अलीकडे येऊ. किहीम-आवासच्या किनाऱ्यालगतची जमीन राज्यसूचीतली. पण तिथे बंगला बांधायचा की नाही, हे १९९१ पासून केंद्राच्या सागरतट अधिसूचनेवर ठरते. संसदेला ही वाट अनुच्छेद २५३ ने कशी मोकळी करून दिली, ते तेव्हा पाहू.