एका अक्षराचा फरक

गडचिरोलीतल्या शिबिरांत मी रक्त तपासते. बोटाच्या टोकाचं थेंबभर रक्त नळीतल्या द्रावणात मिसळायचं आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या काळ्या रेघा बघायच्या. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, की सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा संशय. पण रुग्ण की नुसता वाहक, हे नळी सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची चाचणी लागते.

सिकलसेलमागचा मूळ फरक डीएनएतल्या एका अक्षराचा. आपल्या जनुकसंचात सुमारे ३०० कोटी अक्षरं. हिमोग्लोबिनच्या एका जनुकात ‘ए’च्या जागी ‘टी’ येतो. १९५६ मध्ये शास्त्रज्ञ व्हर्नन इन्ग्रॅम यांनी त्यामुळे प्रथिनात होणारा बदल शोधला. आता डीएनए थेट वाचता येतो. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे १० हजार भारतीयांचे जनुकसंच वाचले गेले. मला हे फार मोलाचं वाटतं. युरोपियनांच्या नोंदींशी ताडून आपल्या माणसांचं निदान किती काळ करायचं?

शिबिरात एका मावशींनी विचारलं, “वाहक म्हणजे पोरीत खोट आहे का गं?”

नाही, मावशी. तिच्या जनुकाची एकच प्रत बदललेली आहे, दुसरी धड आहे. नवरा-बायको दोघंही वाहक असले, तर मात्र प्रत्येक बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून लग्न ठरवण्याआधी दोघांचीही रक्ततपासणी करून घ्या.