शेगडीचे इंधन पारखून घ्यावे

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत माळव्यातली हवा मोठी बोचरी होते. देपालपुरच्या काळ्या शिवारात गहू-हरभरा डोलत असतो आणि रात्री मात्र पारा दहा अंशांच्याही खाली उतरतो. घरात म्हातारे माणूस किंवा तान्हे मूल असले, की संध्याकाळी शेगडी पेटविल्यावाचून गत्यंतर नसते. गोवऱ्या, काटक्या, तुराट्या, पऱ्हाट्या हे आपले पिढीजात इंधन. डब्यात भुसा ठासून, मध्ये दांडा उभा करून आणि तो काढून घेऊन पेटविलेली भुश्याची शेगडीही पुष्कळांच्या परिचयाची आहे. आता ह्या जुन्या मंडळींत एका नव्या इंधनाची भर पडली आहे. भुसा, काड, टरफले, पऱ्हाट्या इत्यादी वाळवून, बारीक दळून, यंत्राच्या दाबाखाली त्यांच्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या पाडतात. बाजारात त्यांना पेलेट म्हणतात. मनगटाएवढे किंवा त्याहून जाड ओंडके असले, तर त्यांना ब्रिकेट अथवा व्हाइट कोल असे नाव आहे. ते मुख्यत्वे कारखान्यांच्या बॉयलरात जातात.

हे इंधन वाईट नाही. गव्हाची नरवाई शेतातच जाळून धूर करण्यापेक्षा तिचे उपयुक्त इंधन होणे केव्हाही चांगले. परंतु पोत्यावर सुबक अक्षरे छापली म्हणजे आतला माल चांगला असतोच असे नाही. गृहिणी ज्वारी किंवा तांदूळ घेताना मूठभर दाणे हातावर घेऊन पाहते. तीच दृष्टी इंधन घेतानाही ठेवावयास हवी.

कांडी तयार कशी होते हे कळले, म्हणजे ती पारखावी कशी हेही आपोआप कळते. लाकडात लिग्निन नावाचा एक नैसर्गिक चिकट पदार्थ असतो. यंत्रातील दाबाने आणि उष्णतेने तो मऊ होतो व भुश्याचे कण एकमेकांस घट्ट बांधतो. थंड झाल्यावर कांडीवर जी तकाकी दिसते, ती ह्याच बांधणीची खूण होय. कच्चा माल ओला असला किंवा दाब अपुरा पडला, तर कांडीला आडव्या भेगा पडतात आणि ती बोटांत चुरगळते. चांगली कांडी मोडताना ‘कट्’ असा आवाज करते. रंगावर मात्र फार भिस्त ठेवू नये. साल मिसळली, की कांडी काळसर होते. पांढुरकी कांडी तेवढी उत्तम असा काही नियम नाही.

पुढील परीक्षा कोणासही घरी करता येतील.

पहिली परीक्षा चाळणीची. एक किलो कांड्या रव्याच्या चाळणीने हलकेच चाळाव्यात. खाली पडलेला चुरा दहा ग्रॅमच्या आत असला, तर माल चांगला समजावा. चुरा पुष्कळ असला, तर तो शेगडीतील हवेच्या वाटा बुजवितो आणि धूर होतो.

दुसरी परीक्षा मापाची. एक लिटरचे माप कांड्यांनी काठोकाठ भरून तोलावे. वजन सहाशे ते साडेसातशे ग्रॅम भरले पाहिजे. ते फार कमी भरले, तर दाब नीट बसलेला नाही असे जाणावे.

तिसरी परीक्षा पाण्याची. पेलाभर पाण्यात चार कांड्या टाकाव्यात. घट्ट कांडी तळाशी जाते. सैल कांडी तरंगते. थोड्याच वेळात चांगली कांडी फुगून तिचा पुन्हा भुसा होतो. हा भुसा ढवळून काढल्यावर पेल्याच्या बुडाशी माती किंवा वाळू उरली, तर आपण मातीचे पैसे मोजले असे समजावे. कांडी विरघळलीच नाही, किंवा प्लॅस्टिकचे अथवा रंगाचे तुकडे दिसले, तर ते पोते परत करावे.

चौथी परीक्षा राखेची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. एक किलो कांड्या पूर्ण जाळून निवलेली राख तोलावी. घरगुती शेगडीसाठी जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात उत्तम प्रतीच्या लाकडी कांडीत राख शेकडा ०·७ म्हणजे किलोमागे सात ग्रॅम आणि ओलावा शेकडा १० ह्यांहून अधिक चालत नाही. शेतातील काडाच्या व टरफलांच्या कांडीत राख ह्याच्या कितीतरी पट असते. भाताच्या तुसाची तर शेकडा १५ ते २० राखच होते. शिवाय काडातील पोटॅश आणि वाळू ह्यांमुळे राख वितळून तिचे काचेसारखे खडे बनतात आणि शेगडीची जाळी बंद होते. काडाची कांडी टाकाऊ नव्हे. पण ती लाकडाच्या भावाने घेऊ नये आणि जाळी रोज साफ करावी.

आता भावाचा हिशेब पाहू. सुक्या लाकडाच्या कांडीत ओलावा शेकडा १० असला, तर किलोमागे सुमारे ३,९०० किलोकॅलरी उष्णता मिळते. तोच ओलावा शेकडा २० झाला, तर ती सुमारे ३,४०० वर येते. चाळीस किलोच्या पोत्यात पहिल्या प्रकारी चार किलो पाणी असते, दुसऱ्यात आठ किलो. ते पाणी आपण विकत तर घेतोच, पण त्याची वाफ करण्यासाठी उरलेले इंधनही खर्ची घालतो. म्हणून पोत्याचा भाव न पाहता त्यातून ऊब किती मिळते ते पाहावे. आधी पाच किलो आणून जाळून पाहावे आणि मगच हंगामाचा साठा करावा.

शेगडी घेण्यापूर्वीही विचार हवा. कांडी साध्या चुलीत नीट जळत नाही. तिला खालून पुरेशी हवा लागते, म्हणून अशा शेगड्यांना बहुधा लहानसा पंखा असतो. २००६ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या साहाय्याने तयार झालेली ‘ऊर्जा’ नावाची अशी शेगडी बाजारात आली आणि महाराष्ट्र, कर्नाटक इत्यादी राज्यांत काही लाख घरांत ती पोहोचली. शेगडी चांगली होती. परंतु पुढे कच्चा माल महागला, कांडीचा भाव चढला आणि पुष्कळ घरांतील शेगडी फळीवर जाऊन बसली. तेव्हा कांडी बारमाही आणि परवडेल अशा भावात मिळते की नाही, हे आधी विचारावे.

शेवटी दोन गोष्टी, ज्यांत पैशांचा नव्हे तर जिवाचा प्रश्न आहे.

रंगविलेले दरवाजे, प्लायवूड, जुने फर्निचर ह्यांच्या भुश्याची कांडी घरात जाळू नये. तिच्यातील सरस व रंग ह्यांचा धूर विषारी असतो आणि तिची राख भाजीच्या वाफ्यातही टाकण्याजोगी नसते. पेटविताना डोळे चुरचुरले किंवा रंगाचा वास आला, तर ती तत्काळ बाहेर काढावी.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. इंधन कितीही उत्तम असो, दारे-खिडक्या लावून शेगडी जवळ घेऊन निजणे म्हणजे मृत्यूस घरात बोलावणे होय. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धूर दिसेनासा झाल्यावरही तो निघतच असतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि झोपलेल्या माणसास तेवढीही सूचना मिळत नाही. कोंदट जागेत रचलेल्या कांड्यांतूनही, त्या पेटविल्या नसताना, हाच वायू हळूहळू सुटतो. २००६ साली स्वीडनमधील हेल्सिंगबोर्ग बंदरात कांड्या घेऊन आलेल्या जहाजावर एका खलाशाचा त्यामुळे मृत्यू झाला. आपल्या घरातील दोन-चार पोत्यांची तशी धास्ती नको. तरी मोठा साठा निजण्याच्या खोलीत ठेवू नये. तो हवेशीर पडवीत, जमिनीपासून उंच फळीवर आणि ओल लागणार नाही असा ठेवावा.

खोली उबदार झाली, की निजण्यापूर्वी शेगडी बाहेर अंगणात नेऊन विझवावी आणि खिडकीची एक फट उघडी ठेवावी. म्हाताऱ्या आजोबांना आणि लहानग्यांना रात्रभर ऊब हवी असेल, तर एक गोधडी अधिक द्यावी. गोधडीची ऊब पहाटेपर्यंत टिकते आणि तिच्यापासून कोणासही अपाय होत नाही.